दाजींनी टर्बो का बसवला?

दाजी गेल्याचा फोन आला तेव्हा मी मंचरच्या बाजारात मेथीची जुडी हातात घेऊन उभा होतो. त्यांचा मुलगा, माझा भाचा सागर, एवढंच म्हणाला, "मामा, दादा गेले. दुपारी जेवून पडले ते उठलेच न्हाईत." मी जुडी परत ठेवली, पुन्हा उचलली आणि तशीच घेऊन दाजींच्या गावाच्या, डिंगोऱ्याच्या वाटेला लागलो. मेथी कशाला नेली, ते मला अजून सांगता येत नाही. आता काही आठवडे उलटलेत, तरी डोक्यातला गोंधळ निवळलेला नाही. कारण दाजी जाताना एक प्रश्न मागे ठेवून गेले, आणि तो नेमका माझ्या गळ्यात पडला...

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, नामदेव. बोलण्यात भारी कंजूष. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला आमच्याकडे राहिले, तेव्हा "हो", "असू दे" आणि "भात वाढा" यापलीकडे त्यांची गाडी गेली नाही. ताईनं सुरुवातीला रुसून पाहिलं. पण आपण रुसलोय हे समोरच्याला कळायला तर हवं! शेवटी तिनं नाद सोडला. यंत्रांशी मात्र त्यांचं छान जमायचं. टोमॅटोच्या सऱ्यांतून फिरणारा एक छोटा डिझेल ट्रॅक्टर त्यांच्याकडे होता. एका उन्हाळ्यात त्यांनी भंगारात निघालेल्या मोटारीचा टर्बो आणला आणि या बुटक्या ट्रॅक्टरला बसवायला घेतला. टर्बो म्हणजे इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुराच्या जोरावर फिरणारा पंखा. तो आत जास्त हवा कोंबतो, जास्त डिझेल जळतं आणि ताकद वाढते. एवढ्याशा ट्रॅक्टरला हे कशाला, असं ज्यानं त्यानं विचारलं आणि दाजींनी ज्याला त्याला वेगळं उत्तर दिलं. मला म्हणाले, चढाला कांद्याची ट्रॉली दम खाते. सागरला म्हणाले, धूर कमी होईल. ताईला तर काही सांगितलंच नाही.

धूर कमी व्हायचा राहिला बाजूला. पहिल्या दिवशी डिझेल वाढवायला इंजिनाच्या पंपाचा स्क्रू त्यांनी इतका पिळला, की काळा धूर बघून शेजारच्या मळ्यातला माणूस "आग लागली का काय राव?" म्हणत धावत आला. मग त्यांनी स्क्रू मागं घेतला, तेलाची नळी बदलली, गळती काढली. यात्रा होऊन गेली होती, बैलगाड्यांच्या शर्यतीचा चढ, म्हणजे घाट, रिकामा पडला होता. तिथं भरलेली ट्रॉली जोडून त्यांनी ट्रॅक्टर वर चढवला. बघायला जमलेल्यांनी शर्यतीसारखं "झाली, झाली, भिर्रर्र!" करून घाट डोक्यावर घेतला. दाजी मोकळेपणी हसले. मला त्यांचं ते हसू फार आवडलं होतं.

दशक्रियेच्या दिवशी नदीकाठी श्रद्धांजलीची भाषणं झाली, पिंड ठेवला आणि सगळे लांब जाऊन उभे राहिलो. कावळे झाडावर बसून होते, खाली उतरेनात. लोक म्हणाले, जीव ट्रॅक्टरात अडकला असंल. सागरनं हात जोडले, "दादा, टर्बो हाये तसाच ठिवीन." कावळा हलला नाही. आईला सांभाळीन, शेत विकणार नाही, सगळं बोलून झालं. शेवटी दाजींचे चुलतभाऊ बबनराव पुढं झाले. "नामदेव, काढून टाकू तो टर्बो. नवा आणला व्हता तसा करू ट्रॅक्टर." तोंडातून शब्द निघायला आणि कावळ्यानं पिंडाला चोच मारायला एकच गाठ पडली!

आता काय समजायचं? ज्या टर्बोपायी माणूस उन्हातान्हात रापला, तोच त्याला नको होता? की कावळ्याला तेव्हाच भूक लागली? माझा कावळ्यावर विश्वास नाही, पण तेव्हा माझ्याही अंगावर काटा आला, हे खोटं कशाला सांगू... गाव म्हणे, शब्द दिलाय, पाळा. सागरला बापाची खूण मोडवत नव्हती. "मामा, तुमी सांगाल तसं करतो," म्हणून त्यानं मला बोलावून घेतलं. गावाशी वाद नको म्हणून मी म्हणालो, काढ. त्यानं पाना लावला तशी ताई दारातून आली आणि बॉनेटवर हात ठेवून उभी राहिली.

"काढू नको."

"अगं, दाजींनाच नको होता असं दिसतंय."

"त्यांना काय पायजे व्हतं ते मला नको सांगू," ती म्हणाली. "ह्यो टर्बो बसवल्यापासनं ट्रॅक्टर दारात आला की लगीच बंद करायचे नाय. गरम असतो, तेल फिरू दे म्हनायचे, न्हाईतर जळतो. तसंच चालू ठिवून वर बसायचे. आत चहा निवायचा, म्हनून मी बाहेर आणाया लागले. मग बोलायचे."

"दाजी? काय बोलायचे?"

"काय बी. तुझी चौकशी करायचे. एकदा म्हनाले, ही निळी साडी तुला लई खुलती... घरात कदी बोलले नाय. त्या आवाजात त्यांना लाज वाटत नसंल."

टर्बोचं इंजिन थोडा वेळ चालू ठेवून मगच बंद करायचं असतं, हे खरंच आहे. पण दाजींनी टर्बो बसवला तो त्यासाठी? की बसवल्यावर ही सवड आपसूक सापडली? ताईला विचारलं तर म्हणाली, मला ठावं नाय.

सागरनं हळूच विचारलं, "आये, अन् कावळ्याला दिल्याला शब्द?"

"कावळ्याचं मी बघते."

संध्याकाळी सागर रानातून ट्रॅक्टर घेऊन आला. इंजिन बंद करायला त्याचा हात गेला आणि तसाच मागं आला. ताई पदर सावरत कप घेऊन बाहेर गेली. वर बसल्या बसल्या सागर तिला काहीतरी म्हणाला. मला ओसरीवर ऐकू आलं नाही, पण ताई हसली.