रबराखालचं पाणी

“वैनी, स्टेनलेस गंजत न्हाय! नावातच हाय की त्येच्या!” वसंता ओरडला.

“ते मला नको, समुद्राला जाऊन सांग!” मी म्हटलं.

वसंता माझा दीर. मालवणच्या बोटींचे पंप भरून टेम्पो दारात उभा, आणि मी टेम्पोला आडवी! उद्यमनगरातल्या आमच्या शेडात असले किस्से लेथखालच्या किसासारखे साठतात. झाडावं तेवढे पुन्हा! शेड माझ्या मालकांनी, म्हणजे वसंताच्या थोरल्या भावानं उभं केलं. ते गेले, पण पंपाच्या प्रत्येक झाकणावर अजून त्यांचंच नाव कोरतो.

भांडणाचं मूळ मालवणचा एक तांडेल, म्हणजे मच्छीमार बोटीचा म्होरक्या. भर समुद्रात आमचा पंप गळायला लागला, माणसं बादल्यांनी पाणी उपसत किनाऱ्याला आली. तांडेल झाकण घेऊन थेट कोल्हापुरात, आमच्या दारात! झाकण वरून लखलखीत. रबरी रिंग उचलली, तर खाली खड्डेच खड्डे.

“काकी, भायरसून आरसो, भितर किडको दात!” तांडेल म्हणाला.

वसंताचा उपाय तयार. “रबर जाड घालू, नट कचकचून आवळू!”

“अरे, पाणी आधीच आत शिरून बसलंय. तिथं हवा न्हाय. स्टीलवर पातळ साय असती, ती खाऱ्या पाण्यानं फाटली की हवेबिगर पुन्हा धरत न्हाय. रबर बसतंय तिथला धातूच बदलाय पायजे.”

“स्टीलवर साय?”

“व्हय! दुधावर असती तशी. दिसत न्हाय एवढंच.”

पुढं आठवडाभर कामगार मला विचारत होते, “अक्का, आज स्टीलच्या सायीला फॅट किती लागलं?”

मग रबरवाला सेल्समन आला. “मॅडम, आमच्या रबरातनं थेंब जाणार नाही!”

“जात न्हाय हेच तर दुखणं! आत शिरलेलं पाणी घरजावयागत बसतंय, उठायचं नावच न्हाय!”

सेल्समनचा चेहरा पडला. मागनं कळलं, गडी खरंच घरजावई होता!

मी चौथी पास. धातूंची इंग्रजी पुस्तकं डिक्शनरी घेऊन फोडलीत. पण पुस्तकातलं वसंताला पटतंय कुठलं? म्हणून लोणच्याच्या बरणीत मिठाचं पाणी भरलं, त्याच स्टीलच्या नव्या झाकणावर रबर आवळून आत बुडवलं आणि पावसाळाभर फळीवर ठेवलं. एका पावण्यानं न विचारता बोट घालून चाटलं.

“अक्का, मीठ जास्त झालंय. आणि कैरी कुठाय?”

आज तीच बरणी वसंतापुढं आपटली. म्हटलं, तूच सोड रबर. त्यानं सोडलं. खाली तेच खड्डे! त्यांवरनं त्यानं नख फिरवलं. टेम्पोवाल्यानं हॉर्न मारला.

“दिसतंय की, वैनी,” वसंता खालच्या आवाजात म्हणाला. “पण ह्या पंपांचं तांडेलाला कळायला वरीस जाईल. एवढा माल जाऊ दे.”

“जाऊ दे की! फक्त आधी ग्राइंडर घे, आणि एकेका झाकणावरचं तुझ्या भावाचं नाव घासून काढ.”