पाडव्याचा निकाल

नेकनूरच्या स्टँडसमोर गहिनीनाथचं हॉटेल आहे. हॉटेल म्हणजे पत्र्याची शेड, दोन बाकडी आणि भज्यांची कढई. पण बाजूची भिंत मात्र चांगली पक्की आणि रस्त्यावरून दिसणारी. त्या भिंतीवर बारा महिने पुढाऱ्यांचे फ्लेक्स झळकत असतात. कुणाचा वाढदिवस, कुणाची निवड, आणि खाली गॉगल लावलेल्या शुभेच्छुकांची दाटीवाटी. याच भिंतीच्या कोपऱ्यात दरवर्षी गुढीपाडव्याच्या सकाळी एक साधा ड्रॉइंगचा कागद लागतो. त्यावर कुणाचा फोटो नसतो. वर स्केचपेननं ठळक लिहिलेलं असतं, 'आपल्या आमदारांचा वार्षिक निकाल'. हा निकाल लावणारे अजिनाथ तात्या.

गाव त्यांना गिनतीवाले तात्या म्हणतं. उभी नोकरी त्यांनी बीडला सांख्यिकी कार्यालयात काढली. जिल्ह्यातल्या शेळ्या मोजल्या, विहिरी मोजल्या, रानोमाळ हिंडून पिकं मोजली. पीक कापणीचा प्रयोग हा त्यांच्या अगदी जिव्हाळ्याचा विषय. गावाचं उत्पन्न काढायचं तर सगळं रान कापून बघता येत नाही, म्हणून रानातला एक तुकडा चिठ्ठी काढावी तसा आकड्यावर ठरवतात आणि तेवढाच कापून तोलतात. शेतकरी हात धरून सांगायचा, साहेब, हिकडचा तुकडा घ्या, पीक लई झकास हाय. दुसरा सांगायचा, तिकडचा वाळलेला घ्या, आणेवारी कमी लागंल, मदत मिळंल. तात्या कुणाचंच ऐकायचे नाहीत. आकडा जिथं पडला तिथंच विळा लावायचा, मग तिथं कणीस असो की कुसळ. अशा वागण्यानं माणसाला मित्र किती मिळतात ते सांगायला नको.

निवृत्त झाल्यावर मोजायला काही उरलं नाही, तेव्हा त्यांनी आमदार धरला. विधानसभेतली हजेरी, विचारलेले प्रश्न, चर्चेत भाग आणि खर्च झालेला निधी, असे चार विषय. माहितीचा अधिकार टाकून कागद मागवायचे, टपालाची वाट बघायची, बेरजा करायच्या आणि पाडव्याला निकाल लावायचा. पाडवाच कावून, असं कुणी विचारलं तर ते सांगायचे, तोवर ऊसतोडीच्या टोळ्या कारखान्यावरून माघारी येतात. ज्यांनी मतं दिली ते गावात नसताना निकाल लावून उपयोग काय? पहिली दोन-तीन वर्षं भिंतीपुढं चांगली गर्दी झाली. एकानं वाचायचं, बाकीच्यांनी हसायचं, आणि गहिनीनाथचा चहा खपायचा.

या कामात तात्यांचा एकच भागीदार होता, त्यांची बायको मंजुळाबाई. तात्या पट्टी लावून रेघा मारायचे आणि कागद हलू नये म्हणून त्या चारी कोपऱ्यांवर पितळी वाट्या ठेवायच्या. मग समोर बसून नेमकं एकच विचारायच्या.

"आन् दाराला किती येळा आला, त्याचं काय?"

"ते विधानसभेच्या कागदात नसतंय."

"नसू द्या. मौतीला आला, लग्नाला आला, माणसाजवळ टेकला, हे मोजायचं न्हाई तर मग काय मोजायलाव तुमी?"

"अगं, हा निकाल हाय. लग्नपत्रिका न्हाई."

"मग माझ्याकून पाच मार्क धरा."

तात्यांनी ते पाच मार्क कधीच धरले नाहीत. खरं सांगायचं तर गाव मंजुळाबाईंच्या बाजूचं होतं. आपल्याकडं आमदार मोजायची रीतच ती आहे. मुंबई-नागपुरात तो काय बोलला हे कोण विचारतं? आमच्या म्हातारीच्या दहाव्याला आला का, पोराच्या हळदीला उभा राहिला का, यावर मतं पडतात. तात्यांना हे पक्कं माहीत होतं, आणि म्हणूनच ते इरेला पेटले होते.

मंजुळाबाईंची आणखी एक तक्रार होती. तोडीला जाणाऱ्यांच्या लेकरांसाठी शाळेत हंगामी वसतिगृह असतं, म्हणजे आईबाप गेले तरी लेकरं शिकत राहतात. पण ते उघडायचं केव्हा, तर टोळ्या निघून गेल्यावर. तोवर निम्मी लेकरं आईबापाबरोबर ट्रॅक्टरात बसून गेलेली असायची. "लेकरं गेल्यावर उघडून त्यात काय पाखरं ठिवायचीत का?" असं त्या दरवर्षी म्हणायच्या. त्यांच्याच तगाद्यानं मागच्या पावसाळ्यात तात्यांनी आमदारांना पत्र लिहिलं, हा प्रश्न विधानसभेत विचारा, दसऱ्याआधी वसतिगृह उघडा म्हणून मंत्र्यांकडून शब्द घ्या. आमदारांच्या ऑफिसातून निरोप आला, हिवाळी अधिवेशनाला प्रश्न टाकलाय. त्या दिवशी मंजुळाबाईंनी शेजारीपाजारी साखर वाटली. तात्या म्हणाले, अजून विचारला नाही, नुसता टाकलाय. पण साखर त्यांनीही खाल्ली.

आणि मार्गशीर्षात दोन दिवसांच्या तापाचं निमित्त होऊन मंजुळाबाई गेल्या.

मरायची वेळ माणसाच्या हातात नसते, पण नेकनूरसारख्या गावात मार्गशीर्षात मरणं म्हणजे वाईटच. अर्ध्या घरांना कुलपं. ज्या बायकांना मंजुळाबाईंनी बाळंतपणात डिंकाचे लाडू करून घातले, त्या सगळ्या तिकडं फडात कोयते चालवत होत्या. मागं राहिलेली म्हातारी माणसं मातीला आली आणि थंडीची लवकर घरी गेली. राहता राहिली गावातली बडी मंडळी. ती आमदारांच्या गटाची, आणि त्यांच्यात तात्यांचं नाव निघत नव्हतं, कारण आदल्या पाडव्याला तात्यांनी 'चर्चेत भाग' या विषयापुढं भलामोठा भोपळा काढला होता. लेक दिपाली पुण्याहून आली, चार दिवस राहिली आणि नोकरीपायी परत गेली. दारात सतरंजी अंथरलेली होती. तात्या तिच्या एका कडेला बसायचे आणि बाकीची सतरंजी तशीच मोकळी असायची. एकटं वाटणं म्हणजे काय, हे त्यांना त्या सतरंजीनं शिकवलं.

तेव्हा एका सकाळी दारात गाडी थांबली आणि आमदार उतरले. बरोबर तानाजी होता. हा गावातलाच, आमदारांचा उजवा हात, फोटो काढण्यात पटाईत. आमदारांनी चपला बाहेर काढल्या, सतरंजीवर तात्यांना अगदी खेटून बसले आणि त्यांचा हात हातात घेतला. "मावशीच्या हातची धपाटी खाल्लीत मी प्रचाराला आलतो तवा," एवढंच म्हणाले. गाडी बघून गावही आलं. बडी मंडळी आली, सरपंच आले, बघता बघता सतरंजी भरली. आमदारांचा फोन दोनदा वाजला. दुसऱ्यांदा त्यांनी तो बंदच करून टाकला आणि म्हणाले, "चालू द्या तिकडं." ते ऐकून तात्यांना भडभडून आलं. इतक्या दिवसांत न रडलेला माणूस आमदारांच्या खांद्यावर डोकं ठेवून ढसाढसा रडला. तानाजीनं तेवढ्यात फोटो काढला आणि तो दुपारपर्यंत सगळ्यांच्या मोबाइलवर गेला.

गाडी गेली तसं गावही उठलं. सतरंजी पुन्हा मोकळी झाली, पण तात्यांचं मन थोडं हलकं झालं होतं. त्यांनी त्याच दिवशी ठरवून टाकलं. यंदा निकालात पाचवा रकाना करायचा, 'दारी येणं', आणि त्यात मंजुळाबाईंचे पाच मार्क धरायचे. ती असताना नाही धरले, निदान आता तरी.

संक्रांत झाल्यावर त्यांनी एकट्यानं कागद आखायला घेतला. वाट्या स्वतःच ठेवल्या. पाचव्या रकान्याची रेघ मारताना कागद हलला, म्हणून ती थोडी वाकडी आली. ती त्यांनी खोडली नाही.

मार्चमध्ये टपाल आलं. हजेरीचा कागद चांगला होता. आमदारांनी आधीच्या वर्षापेक्षा पुष्कळ सुधारणा केली होती. हिवाळी अधिवेशनात तर एकच गैरहजेरी. तात्यांना बरं वाटलं. त्यांनी ती तारीख कागदावर उतरवली आणि मग प्रश्नांची यादी उघडली. त्या यादीत वसतिगृहाचा प्रश्न सापडला. सभागृहात त्याचा पुकारा झाला होता, सदस्य जागेवर नव्हते, म्हणून पुढचा प्रश्न घेतला. मंत्र्यांचं लेखी उत्तर मात्र छापलेलं होतं, 'बाब तपासण्यात येत आहे.' एवढंच. उभं राहून विचारलं असतं, पाठ सोडली नसती, तर कदाचित शब्द मिळाला असता. आता काहीच नव्हतं.

प्रश्नाची तारीख आणि गैरहजेरीची तारीख एकच होती. तात्यांनी भिंतीवरचं कॅलेंडर काढून आणलं. मागचं वर्ष संपलं तरी ते उतरवलेलं नव्हतं, त्यावर मंजुळाबाईंच्या हातच्या दुधाच्या हिशेबाच्या खुणा होत्या. त्यांनी तारीख शोधली आणि शेवटच्या खुणेपासून बोटानं दिवस मोजले. तोच दिवस. आमदार त्यांच्या सतरंजीवर बसले होते तो दिवस. 'चालू द्या तिकडं' म्हणाले तेव्हा तिकडं मंजुळाबाईंचा प्रश्न पुकारला जात होता.

मोठी पंचाईत झाली. राग आमदारांवर काढावा तर तो माणूस नागपूरहून रात्रभर गाडी हाणून आपल्यासाठी आला होता. त्याच्या आधी गावातलं कुणी त्या सतरंजीवर टेकलं नव्हतं. पाच मार्क द्यावेत तर मंजुळाबाईंच्या नावानं तिच्याच प्रश्नाचा गळा दाबल्यासारखं होत होतं. पाचवा रकाना फाडून टाकावा तर ती वाकडी रेघ तेवढी तिची म्हणून राहिली होती. गप्प बसून गैरहजेरी खाऊन टाकावी, असंही एकदा मनात येऊन गेलं. विळा इतकी वर्षं दुसऱ्यांच्या रानात लावला होता, आज आकडा त्यांच्याच दारात पडला होता. दोन दिवस तात्या नीट जेवले नाहीत. विचारायला कुणी नव्हतं. जिला विचारायचं तीच नव्हती.

शेवटी त्यांनी सगळं लिहिलं. 'प्रश्न' या विषयात लिहिलं, 'वसतिगृहाचा प्रश्न सदस्य गैरहजर असल्याने बुडाला.' पुढं तारीख. 'दारी येणं' या रकान्यात लिहिलं, 'अजिनाथ यांच्या घरी सांत्वनास आले. पाचपैकी पाच.' पुढं तीच तारीख.

पाडव्याला ते कागद घेऊन स्टँडवर गेले. गहिनीनाथ ओशाळून म्हणाला, "तात्या, कोपऱ्यात साहेबांच्या वाढदिवसाचा फ्लेक्स हाय. तुमी जरा खाली लावा." तात्यांनी वाकून कागद खाली लावला. आता वाचणाऱ्यालाही वाकावं लागणार होतं. टोळ्या आल्या होत्या, स्टँडवर माणसं होती, पण जो तो मोबाइलात. तात्या बाकड्यावर बसून राहिले.

मग तानाजी आला. सवयीनं नाक मुरडत वाकला आणि एकदम ताठ झाला. "आरं बघा रे! तात्यांनी साहेबांना पाचपैकी पाच दिलेत!" त्यानं पाचव्या रकान्याचा फोटो काढला, लगेच पुढं पाठवला. माणसं जमली. कुणीतरी तात्यांच्या पाठीवर थाप मारली. फार दिवसांनी त्या भिंतीपुढं गर्दी झाली होती आणि सगळे तेवढा एकच रकाना वाचत होते.

"तानाजी," तात्या म्हणाले, "वरची ओळ बी वाच. मोठ्यानं."

तानाजीनं वाचली. तारखेपाशी आला, खालची तारीख बघितली, पुन्हा वर बघितलं. त्यानं मोबाइल खिशात घातला. "म्हंजी तात्या... तुमच्याकडं आलते म्हणून?"

"माझ्याकडं आलते म्हणून." तात्या उठले, तानाजीच्या जवळ गेले. "त्यांनी लई मोठं केलं माझ्यासाठी. मी मरस्तोवर इसरायचो न्हाई. पण त्यांना एक निरोप दे. तो प्रश्न पुना टाका म्हणावं, आन् त्या दिवशी जागेवर बसा. अधिवेशन चालू आसताना आमच्या घरातलं कुणी गेलं, तर येऊ नका."

"तात्या," तानाजी हळूच म्हणाला, "तुमच्या घरात आता हाय कोण?"

"मी हाय की," तात्या म्हणाले. "माझंच सांगायलोय."