महाराजांचा डोळा

बापाच्या सलूनच्या मागच्या खोलीत लेकीनं कुत्र्यांचे केस कापायचा धंदा सुरू केला, तेव्हा बाप आठवडाभर तिच्याशी बोलला नाही. शेवटी बोलला तेही एवढंच, "मधला पडदा जाड लाव. गिऱ्हाइकाला वाटायला नको की एकाच कात्रीनं दोघांचं चाललंय."

या बापाला सगळी गल्ली काका म्हणायची. काकांचा हात हलका होता. डुलक्या घेणाऱ्या म्हाताऱ्याची दाढी ते त्याला न उठवता करत, आणि रडणाऱ्या पोराचे केस त्याचं रडणं संपायच्या आत कापून मोकळे होत. या हाताचा त्यांना अभिमान होता, आणि लेकीच्या हाताला तो हलकेपणा आपल्याकडूनच आलाय हेही ते जाणून होते. म्हणून तर जास्त लागायचं. एवढा हात, आणि कुणाच्या पाठीवरून फिरतोय तर कुत्र्याच्या!

लेक लग्न करून दोन गल्ल्या पलीकडे राहायची. सकाळी यायची, पडद्याआड जायची, आणि मग तिकडून पाण्याचा, ब्लोअरचा आणि तिच्या लाडीगोडीचा आवाज यायचा. "आमच्याशी कधी एवढं गोड बोलली नाही," असं काका आरशातल्या गिऱ्हाइकाला सांगायचे.

तिच्या गिऱ्हाइकांत एकच असं होतं की ज्याच्यासाठी काका उठून उभे राहत. कुत्र्यासाठी नव्हे, त्याच्या मालकिणीसाठी. मोठ्या बाई म्हणजे शाळेच्या जुन्या मुख्याध्यापिका. काका त्यांच्या हाताखाली शिकले होते, म्हणजे बरंचसं वर्गाबाहेर उभं राहूनच शिकले होते. आता काकांच्या मिशा पांढऱ्या झाल्या आणि बाईंच्या हाताला कंप सुटला, तरी बाई दारात दिसल्या की काकांचा हात आपोआप शर्टाच्या वरच्या बटणाकडे जायचा.

बाईंच्या कुत्र्याचं नाव महाराज. जात पेकिनीज. उंची वीतभर, अंगावर सिंहासारखी आयाळ, नाक जवळपास नाहीच, आणि डोळे एवढे मोठे नि बाहेर आलेले की हा सतत कुणावर तरी डाफरतोय असं वाटावं. सलूनच्या बाकावर बसून बाई कुणालाही ऐकवत, "याचे पूर्वज चीनच्या राजवाड्यात राहायचे. राजघराण्यातली माणसं यांना झग्याच्या बाहीत घालून हिंडायची. राजवाड्याबाहेर कुणी एखादं पळवून नेलं तर त्याचं डोकं उडवत, असं म्हणतात."

"आणि आम्ही एखाद्याचे नुसते कल्ले उडवले तरी गिऱ्हाईक वर्षभर तोंड दाखवत नाही," काका म्हणायचे. बाई हसायच्या नाहीत.

त्या दिवशी लेकीची दाढ काढायची होती. जाताना ती पडदा बाजूला करून म्हणाली, "बाबा, मोठ्या बाई आल्या तर महाराजांना फक्त बसवून ठेवा. मी आल्यावर करते. हात लावू नका."

"मी कशाला हात लावतोय तुझ्या महाराजांना?"

पण बाई लवकर आल्या. महाराजांच्या कानामागे केसांची गाठ झाली होती आणि तो पायानं ती सारखी ओरबाडत होता. "बघवत नाही रे," बाई म्हणाल्या. "ती कधी येईल?"

खुर्चीत एक टॅक्सीवाला दाढी करायला बसला होता. अर्ध्या गालाची झाली होती, अर्ध्यावर फेस. काकांनी वस्तरा पुसला. बाईंनी आपल्याला काही सांगावं आणि आपण ते जमणार नाही म्हणावं, हे आयुष्यात त्यांच्याकडून कधी झालं नव्हतं. शिवाय एक गाठ ती काय! "आलोच," असं टॅक्सीवाल्याला म्हणून त्यांनी महाराजांना काखोटीला मारलं आणि ते पडद्याआड गेले.

लेकीच्या टेबलावर महाराज शहाण्यासारखा उभा राहिला. काकांनी बारीक फणी घेतली, गाठ चिमटीत धरली आणि टोकाकडून सोडवायला लागले. सुटत होती. काकांना वाटलं, यात आहे काय एवढं? मग फणी अडली. त्यांनी जरा ओढली. महाराज किंचाळला, गर्रकन फिरला आणि टेबलावरून झेपावला. काकांनी झडप घातली. हाताला लागलं ते मानगूट. त्यांनी ते गच्च आवळलं आणि कुत्र्याला अधांतरीच उचलून परत टेबलावर ठेवलं.

"पडला असतास की, गाढवा," ते म्हणाले आणि त्यांनी त्याचं तोंड आपल्याकडे वळवलं.

डावा डोळा बाहेर आला होता. पापण्या त्याच्या मागे गेल्या होत्या आणि डोळ्याचा अख्खा गोळा गालावर उघडा पडला होता.

महाराज ओरडतही नव्हता. तो नुसता थरथरत उभा होता आणि त्यानं पुढचा पंजा डोळ्याकडे उचलला. काकांनी तो पकडला. एका हातात पंजा आणि दुसऱ्या हातात फोन, अशा अवस्थेत त्यांनी लेकीला फोन लावला.

लेकीच्या तोंडात कापूस होता आणि अर्धा जबडा बधिर. "हां?" ती म्हणाली.

"अगं, डोळा बाहेर आलाय त्याचा. महाराजांचा. आत ढकलू का?"

पलीकडून काहीतरी आलं. "आत हकलू" एवढंच काकांना कळलं. पुढचं कापसात बुडालं.

"ढकलू?" काकांचं बोट डोळ्याच्या जवळ गेलं होतं. "नीट सांग गं! ढकलू की नको?"

पुन्हा तेच. मग थू थू असा आवाज आला. तिनं कापूस थुंकला असावा. आणि मग अख्ख्या दवाखान्याला ऐकू जाईल अशी ती ओरडली, "नाही! नाही, बाबा! नाही!"

काकांनी बोट चटका बसल्यासारखं मागे घेतलं.

ती एकेक शब्द तोडून बोलायला लागली. खालच्या फळीवर सलाइनची बाटली आहे. पट्टीचं कापड त्यात चिंब भिजवून डोळ्यावर ठेवा. दाबू नका. कोरडा पडू देऊ नका. पंजा लागू देऊ नका. मानेला हात लावू नका, या जातीचा डोळा मान आवळली की बाहेर येतो. जनावरांच्या दवाखान्यात चला, मी तिथं येते. शेवटी तिनं विचारलं, "मानेला धरलं होतंत का?"

काकांनी फोन ठेवून दिला.

टॉवेलमध्ये गुंडाळलेला महाराज छातीशी धरून ते पडद्याबाहेर आले. बाईंनी वर्तमानपत्र खाली केलं. आधी त्यांना टॉवेल दिसला, मग ओली पट्टी, मग काकांचा चेहरा.

"काय झालं?"

"बाई, यानं उडी मारली. टेबलावरून." आणि मग, न ठरवताच, जीभ पुढे गेली. "पडला. डोळ्याला लागलंय."

बाई उठल्या आणि पुन्हा बसल्या. खुर्चीतला टॅक्सीवाला आरशातून हे बघत होता. त्यानं गळ्याभोवतीचं कापड काढून फेकलं. "चला. गाडी बाहेरच आहे."

"अरे, तुझी दाढी..."

"काका, दाढी कुठं पळून जात नाही."

अर्ध्या तोंडावर फेस असलेला माणूस टॅक्सी हाकत होता आणि सिग्नलला शेजारच्या गाड्यांतली माणसं वळून बघत होती. मागच्या सीटवर महाराजांचा श्वास बसक्या नाकातून घर्रघर्र येत होता. काका पट्टीवर सलाइन सोडत होते. त्यांच्या त्या हलक्या हातातून निम्मं पाणी त्यांच्याच मांडीवर सांडत होतं. पूल ओलांडताना पुढे रस्ता खणलेला निघाला आणि गाड्या जागच्या जागी उभ्या राहिल्या. टॅक्सीवाल्यानं हॉर्न वाजवला. महाराज दचकला आणि टॉवेलमध्ये धडपडायला लागला.

"वाजवू नका!" बाई म्हणाल्या. तो जुना, वर्ग गप्प करणारा आवाज. मग अगदी हळू त्यांनी काकांना विचारलं, "डोक्यावर पडला का रे?"

काकांनी मान हलवली. हो की नाही, कुठली ते त्यांचं त्यांनाही कळलं नाही.

टॅक्सीवाल्यानं गाडी मागे घेतली, एका बोळात घातली, कुणाच्या तरी वाळत घातलेल्या चादरीखालून काढली आणि दवाखान्यासमोर आणून उभी केली. दारात लेक उभी होती, गाल सुजलेला, ओठाच्या कडेला रक्त.

डॉक्टरांनी पट्टी उचलून बघितलं. "डोळा मागे बसवता येईल. भूल द्यावी लागेल. कसं झालं हे?"

"टेबलावरून पडला," बाई म्हणाल्या.

डॉक्टरांचा हात थांबला. "डोक्यावर?" त्यांनी महाराजांच्या कवटीवरून बोटं फिरवली. "मग मी लगेच भूल देणार नाही. डोक्याला आतून मार असेल तर भुलीतच जाईल हा. आधी फोटो काढावा लागेल, थोडा वेळ लक्ष ठेवावं लागेल."

"आणि तोवर डोळा?" लेकीनं विचारलं. तिचे शब्द अजून बोबडे येत होते.

"डोळ्याला तेवढा वेळ नाही. पण जीव आधी बघायचा."

लेकीनं बापाकडे बघितलं. तिनं फोनवर विचारलेला प्रश्न अजून तसाच होता, आणि त्याचं उत्तर तिला आपल्या तोंडावर दिसतंय हे काकांना कळलं.

काकांनी बाईंकडे बघितलं नाही. टेबलाच्या कडेकडे बघत ते म्हणाले, "पडला नाही तो."

"काय?" डॉक्टर म्हणाले.

"पडला नाही, साहेब. डोकं कुठं आपटलं नाही. मी वरच्यावर धरला. मानगुटीला. जोरात. फणी ओढल्यामुळे तो उडाला. सगळं माझ्याच हातून झालं." मग त्यांनी मान वर केली. "मी खोटं बोललो, बाई."

बाईंनी त्यांच्याकडे बघितलं. काकांना वाटलं, आता बाईंच्या हातात शाळेतली फूटपट्टी असती तर बरं झालं असतं.

"नक्की?" डॉक्टरांनी विचारलं. "शपथेवर सांगा. आता सांगाल त्यावर मी भूल देणार आहे."

"लेकीची शपथ."

डॉक्टर महाराजांना घेऊन आत गेले. लेक आत गेली, मदतीला. बाहेर बाकावर एका टोकाला बाई, दुसऱ्या टोकाला काका. मधे टॅक्सीवाला, तोंडावरचा फेस वाळून पापुद्रे सुटत असलेला. बराच वेळ गेला. एकदा आतून काहीतरी धातूचं पडल्याचा आवाज आला आणि बाईंनी डोळे मिटून घेतले. काकांना उठून त्यांच्याजवळ जावंसं वाटलं, पण उठवलं नाही.

डॉक्टर बाहेर आले तेव्हा त्यांच्या कपाळावर घाम होता. "जिवाला धोका नाही. डोळा बसला. पापण्या शिवून टाकल्यात, काही दिवस तशाच राहतील. दिसेल की नाही, ते आत्ता सांगता येणार नाही. कोपऱ्यात फट ठेवलीये, तिथून थेंब मात्र वेळच्या वेळी गेले पाहिजेत."

बाईंनी आपल्या हातांकडे बघितलं. त्या कापऱ्या हातांनी थेंब टाकणं जमणार नव्हतं.

"मी येईन," लेक म्हणाली.

"नको," बाई म्हणाल्या. "यालाच पाठव."

दुसऱ्या दिवसापासून काका सकाळ, दुपार, संध्याकाळ बाईंच्या घरी जायला लागले. दुकानाच्या दाराला पाटी टांगून जात. बाई दार उघडत आणि बाजूला होत. पंजा डोळ्याला लागू नये म्हणून महाराजांच्या गळ्यात प्लास्टिकचा भोंगा बांधलेला होता. काकांना बघितलं की तो पलंगाखाली जायचा. काका जमिनीवर पालथे पडून त्याची मनधरणी करायचे. पहिल्या दिवशी तर तो चावला. काकांनी अंगठा धुतला आणि थेंब टाकले. लेकीनं त्यांना शिकवलं होतं: समोरून जायचं नाही, एक हात छातीखाली, बाटली मागून आणायची. ती दोन-चार शब्दांच्या वर बोलत नव्हती, पण शिकवताना त्यांचा हात धरून जागेवर ठेवायची.

टाके काढायच्या दिवशी सगळे पुन्हा दवाखान्यात जमले. पापणी उघडली. डोळा जागेवर होता, जरासा तिरपा, पण होता. डॉक्टरांनी उजवा डोळा झाकला आणि कापसाचा बोळा महाराजांच्या तोंडासमोरून एकदा, दोनदा फिरवला. डोळा हलला नाही.

"या डोळ्यानं दिसणार नाही," ते म्हणाले. "पण डोळा वाचला. एका डोळ्यावर सुखात जगेल."

बाईंनी मान हलवली, पिशवी उचलली. काकांना काहीतरी बोलायचं होतं, इतके दिवस ते मनात जुळवलेलं होतं. पण बाहेर आलं ते एवढंच, "बाई, मी..."

"थेंब बंद झाले," बाई म्हणाल्या. "पण याचे केस विंचरायचे असतात. माझ्याच्यानं होत नाही. येशील?"

काका अजूनही जातात, रविवारी, दुकान बंद असतं तेव्हा. डाव्या बाजूनं गेलं तर महाराज घाबरून अंगावर येतो, म्हणून ते दारातूनच खाकरतात, "मी आलोय," म्हणतात, आणि वळसा घालून उजवीकडून जातात. बाई चहा ठेवतात. परवा गाठ सोडवताना फणी अडली, तेव्हा काका थांबले, फणी बाजूला ठेवली आणि बोटांनी एकेक केस मोकळा करत बसले. चहा गार झाला तरी त्यांचं चाललंच होतं, आणि बाई पलीकडच्या खुर्चीत बसून बघत होत्या.