इटलीतल्या गावाची चौकशी

आमच्याकडे लग्न ठरण्याआधी मुलीकडची माणसं मुलाच्या गावी जाऊन येतात. घर बघतात, चहा घेतात, पण खरी चौकशी बाहेर होते, पारावर, पिठाच्या गिरणीत, कटिंगच्या दुकानात. माझ्या चुलतबहिणीच्या वेळी काका मुलाच्या गावात मुद्दाम दाढी करून आले होते. आल्या आल्या म्हणाले, "पोरगं शेजाऱ्याच्या म्हशीलाबी आडवं बोलत न्हाई." तेवढ्यावर लग्न ठरलं.

माझ्यासाठी आलेलं स्थळ मानवतचं होतं. बाबा आणि काका तिथं जाऊन आले. घर चांगलं, माणसं चांगली. पण मुलगा तिथं राहतच नव्हता. तो इटलीत होता, डोंगरावरच्या एका लहानशा गावात. खाली सपाटीवर यंत्रांचा कारखाना, तिथं तो इंजिनिअर. राहायला मात्र वर, जुन्या दगडी गल्लीत, कारण वरची बरीच घरं रिकामी पडलेली. लग्न झालं तर त्याच गल्लीत मलाही राहायचं होतं.

"आता तिथल्या न्हाव्याकडं कोण जानार?" काका मला म्हणाले. "तूच कर चौकशी. तुझं इंग्लिश मिडियम कवा कामाला यायचं?"

शाळेत मी इंग्रजी बोलले, घरी मराठी, आणि दोन्हीकडे कमीत कमी. नाही म्हणायलाही तोंड उघडावं लागतं, म्हणून मी हो म्हटलं.

त्या गावाच्या नगरपालिकेची एक वेबसाइट होती. इटालियन मजकूर मोबाइल इंग्रजीत करून द्यायचा आणि संध्याकाळी मी तो मराठीत सांगायची. बाबा ऑफिसातून येऊन खुर्चीत बसलेले, आई मेथी निवडत, आणि काका झरीहून, आमच्या गावाहून, फोनच्या स्पीकरवर. ते शेतातून परतताना फोन लावत, त्यामुळे मध्येच ट्रॅक्टर जायचा आणि मला थांबावं लागायचं.

मी सांगितलं की गावाभोवती तट आहे आणि त्याचे खालचे दगड रोमच्याही आधीच्या लोकांनी रचलेले आहेत. मधे चुना नाही, माती नाही, नुसते एकमेकांवर बसवलेले. मग बिशप आले, मग कित्येक पिढ्या पोपचं राज्य.

"म्हणजे आपल्याकडे निजाम, तसा त्यांच्याकडे पोप," बाबा म्हणाले.

"रझाकार व्हते का तिकडं?" काकांनी विचारलं.

"तसं लिहिलेलं नाही."

डोंगरउतारावरची शेतं जमीनदारांची होती. कसणारा निम्मं पीक मालकाला द्यायचा आणि निम्मं स्वतः ठेवायचा.

"म्हंजी बटईच की!" काकांचा आवाज एकदम मोकळा झाला. जणू इटलीत भावकीतलं कुणी सापडलं. "आन् पानी? पानी किती दिवसाला येतंय?"

"रोज येतं, काका. दिवसभर."



"रोज पानी येतंय," काका म्हणाले, "मंग मान्सं का गेली गाव सोडून?"

याचं उत्तर वेबसाइटवर होतं. तरुण लोक शहरांतल्या कारखान्यांत गेले, शाळा बंद झाली, उरलेली थोडी मुलं बसनं खाली जातात. मी वाचलं ते हळू आवाजात. परभणीत आमच्या घराबाहेर संध्याकाळी रिक्षा, भाजीवाले, क्लासला जाणाऱ्या पोरी यांचा इतका गलबला असतो की मी खिडकी लावून घेते. मला शांतता आवडते असंच मला वाटायचं. पण ती शांतता खिडकी लावून मिळवलेली होती, खिडकीपलीकडे माणसं होती.

एकदा आई शेजारी येऊन बसली आणि आम्ही गल्ल्यांचे फोटो बघितले. काही घरांना दोन दारं होती. एक मोठं, आणि त्याच्याशेजारी दुसरं, अरुंद, रस्त्यापासून कमरेइतकं उंच. खाली पायरी नाही. बहुतेक दगड लावून बुजवलेली. मी शोधलं. तिथले लोक सांगतात की ते मेलेल्या माणसाला बाहेर काढायचं दार. एरवी बंद. काही अभ्यासक म्हणतात, तसं काही नाही, पूर्वी त्या दाराला काढता येईल अशी शिडी लावायचे.

आईनं फोटो मोठा करून बघितला. "आणि नवरीला कोणत्या दारानं घेतात?"

मला हसू आलं नाही.

मुलाशी व्हिडिओवर एकदा बोलणं झालं होतं, दोन्ही घरं समोर बसलेली असताना. तो बारीक, हिरवं जॅकेट घातलेला, बोलताना खाली बघणारा. गाव कसं आहे विचारल्यावर मात्र भराभर बोलला. गावानं त्याला आपलं मानलंय. रविवारी कुणी ना कुणी जेवायला बोलावतंच. उन्हाळ्यात गावच्या संताचा उत्सव असतो, प्रत्येक आळी आपापली लाकडी पालखी खांद्यावरून वर देवळापर्यंत नेते, आणि त्याच्या आळीच्या पालखीला तोही खांदा लावतो. गळ्यात आळीचा रंगीत रुमाल बांधलेला फोटो त्याच्या आईनं आम्हाला पाठवला होता. तो फोटो बघून काकांचा जीव निम्मा भांड्यात पडला होता. "पालखीला हात लावू दिला म्हंजी गावानं घेतलं त्याला."

उत्सवाचं पान मी शेवटी ठेवलं होतं, कारण तेच सगळ्यात छान असेल असं वाटलं होतं. मी आधी न वाचता थेट सांगायला सुरुवात केली. आळी किती, रंग कोणते, चढ किती अवघड. आणि पुढच्या ओळीवर थांबले. तिथं लिहिलं होतं की पालखीखालची प्रत्येक जागा घराण्याकडे असते, बापाकडून मुलाकडे जाते. आळीत जन्मलेल्यालाच ती मिळते.

"काय झालं?" बाबा म्हणाले.

"रेंज गेली," मी म्हटलं.

मी खोटं का बोलले ते मला तेव्हा नीट कळलं नाही. एवढंच कळलं की काकांना हे वाक्य ऐकवलं तर पुढचं समजावून सांगायला नको. झरीत पालखीचा मान कुणाचा, यावरून माणसं वर्षानुवर्षं बोलत नाहीत. बाहेरून आलेल्याला कुणी खांदा लावू देत नाही, हे काकांना इटली न बघता माहीत होतं. रुमाल काय, उत्सवात तो कुणालाही मिळत असेल.

रविवारी दुपार कलताना, म्हणजे तिकडच्या जेवणाच्या वेळी, मी वेबसाइटवरचा चौकातला कॅमेरा उघडला. थोड्या थोड्या वेळानं त्यावर नवं चित्र येतं. चर्च, कारंजं, बंद दुकान. मग पायऱ्यांवर हिरवं जॅकेट. पुढच्या चित्रात तसंच. त्याच्या पुढच्यातही. चौकात दुसरं कुणी नव्हतं, सगळे आत जेवत असणार. त्यानं मांडीवर काहीतरी ठेवून खाल्लं, मग हात झटकले असावेत, कारण पायाशी कबुतरं आली. आई चहा घेऊन आली तसा मी मोबाइल पालथा ठेवला.

काकांनी चौकशीत विचारलं असतं, दारू पितो का, कुणाशी काही आहे का. यातलं काहीच नव्हतं. तो एकटा होता, बस. आणि मला भीती वाटली ती त्याच्या खोटेपणाची कमी, आणि त्या पायऱ्यांची जास्त. मी गेले तर तिथं दोघं बसू. मी कुणाशी आपणहून बोलत नाही. तोही नाही. मग आमच्याशी कोण बोलणार?

बुधवारी आम्हाला दोघांनाच बोलू द्यायचं ठरलं होतं. मी गच्चीवर गेले. त्यानं परभणीचं ऊन विचारलं, मी सांगितलं. मग मी म्हटलं, "रविवारी दुपारी तुम्ही चौकात एकटेच होतात."



"कॅमेरा," तो म्हणाला. "त्याचं लक्षातच नव्हतं. लय वेळ बसलो होतो का?"

"हो."

"घरात भिंती जाड आहेत. आवाजच येत नाही कशाचा. म्हणून बाहेर बसतो."

"आणि पालखी?"

"मागून चालतो मी. सगळे चालतात, तसा." मग घाईनं म्हणाला, "लोक वाईट न्हाईत हो. हसतात, हात करतात. पण त्याच्या पुढं काय बोलायचं ते मला येत न्हाई. आईला पालखीचं सांगू नका. तिनं अख्ख्या गल्लीला सांगितलंय."

"नाही सांगणार. पण मीही अशीच आहे. मी आले म्हणून तुमच्या घरात बोलणं वाढेल, असं धरून चालू नका."

"तसंच धरलं होतं," तो म्हणाला, आणि हसला. मला हसता आलं नाही, पण फोन ठेवावासाही वाटला नाही.

खाली आले तर काका झरीहून येऊन बसलेले. मानवतकरांना उत्तर हवं होतं. आई मेथी निवडता निवडता म्हणत होती, असं स्थळ ताटकळत ठेवत नाहीत.

"बोल," काका म्हणाले. "गाव बघितलंस, पोरगं बघितलंस. कसं हाय?"

सगळे माझ्याकडे बघत होते. मी फरशीकडे बघून म्हटलं, "मुलगा चांगला आहे. पण तिथं त्याला बोलायला माणूस नाही. मला तिथं राहायची भीती वाटते."

"अगं, तू गेल्यावर होईलच की माणूस," आई म्हणाली.

"एका माणसाचं गाव होत नाही, आई."

हे मी मोठ्यानं म्हटलं होतं. बाबांनी चष्मा काढला. काकांनी आधी बाबांकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"मंग न्हाई म्हनायचं का?"

"नाही म्हणू नका. त्यांना इकडे येऊ द्या. महिनाभर तरी. मला समोर बसून बोलायचंय, घरच्यांशिवाय. मग सांगते."

"आन् त्यायनी ऐकलं न्हाई तर?"

"तर नाही."

आईची मेथी तशीच राहिली. काका जरा वेळ गुडघ्यावर बोटं आपटत बसले. मग त्यांनी खिशातून मोबाइल काढला, मानवतचा नंबर लावला आणि सवयीनं स्पीकर चालू केला. रिंग जाऊ लागली. मला उठून आत जावंसं वाटत होतं. मी बसून राहिले.

"हां, राम राम पाव्हणं," काका म्हणाले. "आमच्या पोरीचं एक म्हननं हाय. तीच बोलती." आणि त्यांनी फोन माझ्या हातात दिला.