साक्ष कुणापुढे?

“रविवारी त्यांची साक्ष आहे, ते सोमवारी ऑफिसला येतील,” असं अपघातानंतर रजेवर असलेल्या याकोबच्या बायकोने फोनवर सांगितलं आणि आमच्या एचआर मॅडमच्या तोंडचं पाणी पळालं.

मला केबिनमध्ये बोलावणं आलं. प्लांट हेड तिथेच बसले होते.

“साक्ष? कुणापुढे?” त्यांनी असं विचारलं, जणू समन्स मीच काढलं होतं.

“रविवारी कोर्ट बंद असतं, सर.”

“म्हणजे युनियन. नाहीतर पेपरवाले. तुम्ही स्वतः जाऊन बघा. आणि फोनवर रेकॉर्ड करा.”

मॅडमनी तोवर वकिलाला फोन लावलाही होता.

मी चाकणच्या एका प्रेस शॉपमध्ये सेफ्टी ऑफिसर. तेव्हा नुकताच रुजू झालो होतो. प्रेस शॉपमध्ये पत्रा साच्यात ठेवतात, वरून प्रेस येऊन आदळते आणि गाडीचा एखादा पार्ट तयार होतो. प्रेस खाली येताना हात साच्यात नसावा म्हणून मशीनला दोन बटणं असतात, एकेका हाताला एकेक. दोन्ही दाबल्याशिवाय प्रेस हलत नाही. कागदावर फार सुंदर व्यवस्था. आमच्या लाइनवर मात्र एका बटणात लाकडाची पाचर मारून ते कायमचं दाबून ठेवत. मग एक हात मोकळा, पत्रा भराभर आत, प्रॉडक्शन जोरात. मी राउंडला निघालो की माझं पांढरं हेल्मेट लांबून दिसायचं आणि पाचरी खिशात जायच्या.

अशाच एका प्रेसमध्ये याकोब भालेरावच्या डाव्या हाताची दोन बोटं गेली. पस्तिशीतला माणूस, नगर जिल्ह्यातला, कुरुळीत भाड्याच्या खोलीत राहायचा. कमी बोलायचा. चौकशीत प्रश्न एकच होता, पाचर कुणी मारली? त्याचा सुपरवायझर दत्ता इथलाच, चाकणजवळच्या गावचा. त्याने हात झटकले. “मला काय ठाऊक न्हाई. त्यानंच मारली असंल.” मॅडमचा रिपोर्ट टाइप होऊन पडला होता, कारण ‘ऑपरेटरचा निष्काळजीपणा’. याकोबने हो म्हटलं की नोकरी गेली, आणि तसला हात घेऊन गेलेल्याला या पट्ट्यात दुसरी कंपनी गेटच्या आतसुद्धा घेत नाही. लाइनवरची पोरं दवाखान्यात जाऊन त्याला सांगून आली होती, “दत्ताचं नाव घे आणि मोकळा हो, राव.” याकोबने अजून कुणाला काहीच सांगितलं नव्हतं.

अपघाताचं मूळ शोधायला आमच्याकडे ‘फाइव्ह व्हाय’ म्हणून एक पद्धत आहे. ‘का?’ हा प्रश्न लहान मुलासारखा पाचदा विचारायचा. बोट का गेलं? हात आत होता. हात आत का होता? असं करत पाचव्या उत्तरापाशी खरं कारण सापडतं म्हणतात. माझा अनुभव असा, की दुसऱ्याच ‘का’ला गाडी ऑपरेटरपाशी येते आणि तिथेच बंद पडते. ते सगळ्यांच्या सोयीचं असतं.

रविवारी सकाळी मी याकोबच्या बायकोने दिलेल्या कुरुळीतल्या पत्त्यावर पोचलो. हार्डवेअरच्या दुकानावरचा हॉल. जिन्यात चपलांचा ढीग, वरून ढोलकी आणि पेटीचा आवाज. युनियनची मीटिंग पेटी लावून होत नाही, एवढं मला कळत होतं. वर गेलो तर प्लास्टिकच्या खुर्च्या भरलेल्या, समोरच्या भिंतीवर क्रूस. ती प्रार्थनेची जागा होती. आमचं घर बौद्ध, देव या प्रकरणाशी आमचं जन्मापासून देणंघेणं नाही. मी आपला अनोळखी लग्नात बसावं तसा मागे बसलो.

गाणी संपली. पाळक, म्हणजे तिथले धर्मगुरू, उभे राहिले आणि म्हणाले, “आता याकोबभाऊ आपली साक्ष देतील.”

मी शेजारच्या आजींना हळूच विचारलं, “साक्ष म्हणजे?”

“देवानं आपल्या आयुष्यात काय केलं, ते चारचौघांत सांगायचं. तुम्ही नवीन दिसताय.”

मला हसू आवरेना. इकडे आमचे वकीलसाहेब रविवारची सुट्टी सोडून फोनची वाट बघत होते. मी ठरल्याप्रमाणे मोबाइल काढला, तर आजींनी कौतुकाने मान डोलावली. “करा, करा. गावाकडं पाठवा.”

याकोब पट्टीतला हात छातीशी धरून उभा राहिला.

“प्रभूची स्तुती असो. दवाखान्यात मी देवाशी लय भांडलो. म्हणलं, रविवार चुकवत नाही, दारूला शिवत नाही, मग माझीच बोटं का? मग नर्सबाईंनी पट्टी सोडली आन् मी हात बघितला. आमच्या शॉपात एक फळा हाय. सगळ्यात जास्त माल काढणाऱ्याचं नाव त्याच्यावर लिहितात. माझं नाव तिथून हलू नये म्हणून पाचर मीच मारली. ह्याच हातानं. सगळे म्हणतात, दुसऱ्याचं नाव सांग. सोपं हाय ते. पण येशूनं दुसऱ्यांचं पाप अंगावर घेतलं. मी स्वतःला त्याचा म्हणवतो आन् माझं पाप दुसऱ्याच्या गळ्यात घालू? उद्या नोकरी जाईल. भीती वाटती. घरात रडारड हाय. तरी सांगतो. आजवर माझं नाव मोठं व्हावं म्हणून हात आत घातला. आता ह्याच तुटक्या हातानं त्याचं नाव मोठं होऊ दे.”

“आमेन,” लोक म्हणाले. पहिल्या रांगेत त्याची बायको पदराने डोळे पुसत होती. त्याचं बोलणं मलाही भिडलं, खोटं कशाला सांगू? आणि त्याच वेळी त्याचा भयंकर रागही आला. या माणसाला वाचवायचं तरी कसं?

मान वळवली तर जिन्याच्या दारात दत्ता उभा. ‘साक्ष’ हा शब्द त्याच्याही कानावर गेला होता आणि तोही माझ्यासारखाच धसका घेऊन आला होता. आमची नजरानजर झाली. तो जिना उतरून गेला.

नंतर चहा होता. मी याकोबला बाजूला घेतलं.

“हे सगळं माझ्या फोनमध्ये आलंय. ऑफिसात ऐकवावं लागेल.”

“ऐकवा की सायेब. मी तिथं बी हेच सांगणार.”

“अरे, पाचर सगळेच मारतात, तेवढं तरी सांगायचं!”

“त्यांचं त्यांनी सांगावं. मी माझं सांगितलं.” मग जरा थांबून म्हणाला, “पुढच्या रविवारी या.”

“मी देव मानत नाही, याकोब.”

“असू द्या. देव तुम्हाला मानतो,” असं म्हणून त्याने माझ्या बशीत आणखी एक बिस्किट ठेवलं.

सोमवारी केबिनमध्ये मी रेकॉर्डिंग लावलं. याकोब खाली बघत उभा होता. ‘पाचर मीच मारली’ हे वाक्य आलं आणि मॅडमनी सुटकेचा निःश्वास सोडला. “म्हणजे केस क्लोज.” रेकॉर्डिंग संपताच त्यांनी रिपोर्ट सहीसाठी प्लांट हेडपुढे सरकवला.

तेवढ्यात दत्ता दार ढकलून आत आला. विचारून येण्याची त्याची रोजची रीत त्या दिवशी राहिली.

“सायेब, पाचर त्यानं मारली आसंल, पण दिली मी. शिफ्टच्या सुरुवातीला लाकडी पॅलेटची फळी कापून समद्यांना मीच वाटतो. ह्यो गडी देवाच्या दारात उभा ऱ्हाऊन माझं नाव घेईना. मला घरी जेवण जाईना.”

“तू का वाटतोस?” मी विचारलं. हा तिसरा ‘का’ होता. आजवर तिथवर मी कधी पोचलो नव्हतो.

“दोन्ही हातानं बटण दाबून टार्गेट हुत न्हाई. करून बघा.”

“टार्गेट एवढं का?” हे मी दत्ताकडे बघून विचारलं, आणि दत्ताने प्लांट हेडकडे बघितलं.

प्लांट हेडनी समोरचा रिपोर्ट उचलला. मग मला म्हणाले, “ते शेवटचं, ‘माझं नाव मोठं व्हावं’ म्हणतो ते वाक्य पुन्हा लावा.” मी लावलं. त्यांनी ऐकलं आणि रिपोर्ट मॅडमकडे परत सरकवला. “टार्गेट मी वाढवलंय. हेड ऑफिसने मागितलं नव्हतं. मला दाखवायचं होतं. असंच लिहा.”

मॅडमनी विचारलं, “असंच, सर?”

“असंच.”

पुढे बटणांचं सर्किट बदललं. आता दोन्ही बटणं एकाच वेळी दाबावी लागतात आणि प्रत्येक ठोक्यानंतर सोडावी लागतात, त्यामुळे पाचर मारली तर प्रेस चालतच नाही. टार्गेट उतरलं. दत्ताची सुपरवायझरी गेली, तो मशीनवर ऑपरेटर म्हणून परत उभा राहिला. प्लांट हेडसाहेबांचं प्रमोशन अडलं. याकोबला इन्स्पेक्शनला घेतलं, तिथे एका चांगल्या हाताने भागतं. त्याची बोटं काही परत आली नाहीत. थंडीत हात ठणकतो, असं तो विचारलं तरच सांगतो.

मी अजून देव मानत नाही. पण अपघाताच्या चौकशीतला माझा पहिला प्रश्न मी बदलला. ‘कुणी केलं?’ असं विचारलं की दहा बोटं दुसऱ्याकडे वळतात. म्हणून मी प्रत्येकाला एकेकट्याला विचारतो, ‘यात तुझा वाटा कोणता?’ बहुतेक जण ‘काहीच नाही, सर’ म्हणतात. मी खुर्ची पुढे ओढतो आणि पुन्हा विचारतो.