सिलच्या खालची खाच

ओव्हिला गाडबुआचा दिवस पहाटे सव्वाचारला सुरू होई. आधी दोन्ही हात कोमट पाण्यात. बोटं उघडली की मग बूट. अमेरिकेत व्हरमाँटमधल्या एका ग्रॅनाइट शेडमध्ये फ्रेंच बोलणाऱ्या घरातला तो खिडक्यांचे दगड घडवायचा: खालचा सिल, वरचा लिंटेल, मधला उभा मलियन. छिन्नीचा एक घाव फुकट गेला तरी त्या दिवशी त्याला जेवण गोड लागत नसे.

फोरमन मेरिल स्टॉकर कचेरीतून आलेला. छिन्नी कधी धरली नव्हती. बँकेचे बारा सिल चालू होते. ओव्हिला त्यांच्या पोटाला खाच पाडायला लागला. पाणी भिंतीवर न उतरता तिथेच तुटून पडावं म्हणून ती असते. कारागीर तिला थ्रोट म्हणतात, दगडाचा घसा.

"कुणाला दिसणार आहे ती? सोड, दिवस वाचेल," मेरिल म्हणाला.

वर्षभरात भिंत काळी पडली. बँकवाले आले तसं मेरिलने ओव्हिलाकडे बोट केलं. "हा विसरला."

नोव्हेंबरच्या वाऱ्यात परांचीवर उताणं पडून ओव्हिलाने बारा खाचा पाडल्या. बिनपगारी. उजव्या हाताची दोन बोटं पुन्हा कधी पुरती मिटली नाहीत. त्याने मनाशी गाठ मारून ठेवली.

मेरिलला नाद शब्दकोड्याचा. गावचं साप्ताहिक पूर्ण सोडवणाऱ्यांची नावं छापायचं, आणि सलग वीस आठवडे सोडवणाऱ्याचा फोटो पहिल्या पानावर. दगडाचं गाव, त्यामुळे कोड्यात दगडालाकडाचे शब्द हटकून असत. जेवणाच्या सुट्टीत मेरिल ओरडे, "ए फ्रेंची, खिडकीच्या डोक्यावरचा आडवा दगड?"

"लिंटेल, साहेब."

एकोणीस आठवडे ओव्हिलाने एकही शब्द नाकारला नाही. शिडी उंच झाल्याशिवाय ढकलण्यात मजा नसते.

विसाव्या आठवड्यात मेरिलने फोटोसाठी नवा टाय घेतला. शेवटच्या दिवशी एकच शब्द अडला. "सिलच्या पोटाची, पाणी तोडणारी खाच. इंग्रजी सहा अक्षरं. बोल लवकर, टपाल निघायचंय!"

ओव्हिलाने पोर्क भरलेल्या पेस्ट्रीचा घास सावकाश चावला.

"अशी काही खाच नसते, साहेब. तुम्हीच म्हणाला होतात."

"आत्ता थट्टा नको. प्रिमो, तू सांग."

प्रिमो झानेल्ला तीस वर्षं त्या खाचा पाडत होता. त्याने ओव्हिलाकडे पाहिलं आणि पावाचा मोठा तुकडा तोंडात कोंबला. "भरल्या तोंडाने बोलू नये, असं आई सांगायची."

शेडमध्ये बावीस माणसं होती. बाविसांनाही शब्द ठाऊक होता. मेरिलने एकेकाचं तोंड पाहिलं. मग काहीतरी खरडून त्याने पाकीट धाडलं. शुक्रवारी यादीत त्याचं नाव नव्हतं.

सोमवारी त्याने ओव्हिलाला दगड कापायच्या करवतीच्या ओल्या खोलीत टाकलं. ओव्हिला तिथे चार वर्षं राबला, कुरकुर न करता. संध्याकाळी लेकीकडून इंग्रजी अक्षरं गिरवून घेई.

मेरिल निवृत्त होऊन फ्लोरिडाला गेला. पुढच्या पगाराच्या दिवशी ओव्हिला साप्ताहिकाच्या कचेरीत गेला आणि मेरिलच्या नावे दहा वर्षांची वर्गणी भरली, टपालखर्चासकट. तेव्हापासून दर आठवड्याला मेरिलच्या दारात अंक पडतो. त्यात कोडं असतं, आणि खाली सोडवणाऱ्यांच्या यादीत ओव्हिला गाडबुआ.