वरचे साडेतीनशे

मध्यम काम करणाऱ्या बाईला दिवसाला एकवीसशेच्या आसपास उष्मांक लागतात, आणि ती गरोदर असेल तर वर आणखी साडेतीनशे. हे वाक्य मी झोपेतून उठवलं तरी म्हणून दाखवेन. पाटोद्याच्या अलीकडे आमचं गाव आहे. तिथल्या अंगणवाडीत मी सेविका आहे आणि इतकी वर्षं हे आकडे बायकांच्या कानीकपाळी ओरडत आले आहे. उष्मांक म्हटलं की त्या पोथी ऐकल्यासारखा चेहरा करतात, म्हणून मी भाकरीत सांगते. रोजच्यापेक्षा एक भाकरी जास्त, आणि दुपारी गुळाच्या खड्यासोबत मूठभर शेंगदाणे. झाले साडेतीनशे. त्यात काय अवघड आहे, असं मी दरडावून विचारायची. माझी जीभ तिखट आहे हे गावाला माहीत आहे. मी गल्लीत शिरले की बायका एकमेकींना हाक मारत, "ताई आल्या गं, ताटं दाखवा!"

अवघड काय आहे, ते मलाही माहीत होतं. आमच्याकडे सातवा संपला की गरोदर बाईचं ताट हळूहळू लहान होतं. कुणी हिसकावून घेत नाही. सासू मायेनंच म्हणते, आता जरा बेतानं खा, लेकरू पोटात मोठं झालं तर अडतं. बाईलाही ते पटतं, कारण लेकरू तिच्याच अंगातून बाहेर यायचं असतं. मग ती चतकोर मोडते आणि पोट भरलं म्हणते. या समजुतीशी मी किती भांडले असेन. "लेकरू बारीक ठेवून बाळंतपण सोपं होत नसतंय, दोघंबी कमजोर होतात, बस," असं मी सांगायची. बायका "व्हय ताई" म्हणायच्या आणि घरी जाऊन करायचं तेच करायच्या.

माझी एकुलती एक लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली तेव्हा तिला सातवा संपत आला होता. जावई पुण्याकडे एका कंपनीत असतात. ते तिला सोडून दुसऱ्या दिवशी परत गेले. पोरगी शिकलेली, सायन्सची पदवी घेतलेली. हिला मी काय सांगायचं, असं मला वाटलं. आल्या आल्या मात्र तिला अंगणवाडीच्या काट्यावर उभी केली. बावन्न किलो भरली. मी खूश झाले. आता महिन्याभरात चांगली गुटगुटीत करते, असं शेजारणीला सांगूनही आले.

मी खायला काही कमी ठेवलं नाही. सकाळी दही-धपाटे, दुपारी ज्वारीची भाकरी, घट्ट वरण, पालेभाजी, वर तुपाची धार. शेंगदाणा-गुळाचे लाडू डबाभर करून ठेवले. सकाळी तिचं ताट वाढून स्वयंपाकघरात ठेवायची आणि मी अंगणवाडीला पळायची. दुपारी आले की ताट घासूनपुसून पालथं घातलेलं असायचं. "जेवलीस का?" "व्हय माय." एवढंच आमचं बोलणं. तिच्या तोंडावर काही तेज दिसत नव्हतं, पण उन्हाळ्याचे दिवस होते, म्हटलं उन्हानं सुकली असेल.

महिन्यानं पुन्हा काट्यावर उभी केली. बावन्न.

मी म्हटलं, काटा बिघडला. तिला उतरवलं, पाच किलोची गव्हाच्या पिठाची न फोडलेली पिशवी वर ठेवली. पाच. पिशवी उतरवून मी स्वतः उभी राहिले आणि पटकन खाली उतरले, कारण माझा आकडा मला बघायचा नव्हता. तिला परत उभी केली. बावन्न. पोटातलं लेकरू महिनाभर वाढतंय आणि आई जागच्या जागी, याचा अर्थ मला चांगलाच कळत होता. दुसऱ्या कुणाची सून असती तर मी तिच्या सासूला तिथल्या तिथं झापलं असतं. इथे वाढणारी मीच होते.

दुसऱ्या दिवशी एसटीनं बीडला गेलो. सोनोग्राफी करणाऱ्या डॉक्टरीणबाई बराच वेळ पडद्याकडे बघत होत्या आणि बोलत नव्हत्या. त्या बोलत नव्हत्या तेवढ्या वेळात माझ्या मनानं काय काय पाहिलं ते मी कुणाला सांगितलेलं नाही. शेवटी त्या म्हणाल्या, "बाळ जवळजवळ तीन आठवडे मागे आहे. पाणीही कमी वाटतंय. बीपी ठीक आहे, दुसरं कारण दिसत नाही. घरी काय खाते ही?"

मी धपाट्यांपासून लाडवांपर्यंत सगळं घडाघडा सांगितलं.

"ते तुम्ही वाढता, मावशी. ही खाते का? समोर बसून बघता?"

मी तर ताट झाकून अंगणवाडीला पळत होते. दहा दिवसांनी परत या, असं त्यांनी सांगितलं. बाळाची हालचाल कमी वाटली तर दिवस मोजत बसायचं नाही, तसंच निघून यायचं. दहा दिवसांत वाढ दिसली नाही तर त्याला आधीच बाहेर काढावं लागेल. आधीच बाहेर काढलेली लेकरं मी पाहिली आहेत. त्यातली काही माझ्या वजनाच्या झोळीत कधीच आली नाहीत.

परतीच्या एसटीत माझा एक हात तिच्या पोटावर होता. खड्डा आला की काहीतरी हलायचं, पण लेकरू हललं की गाडी हलली, हे कळायचं नाही. मी कंडक्टरवर उगाचच ओरडले. पोरगी खिडकीतून बाहेर बघत होती. तिनं एकदाही विचारलं नाही की असं कशानं झालं असेल. ते मला खटकायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी मी अंगणवाडीत मुलांना खिचडी वाढली आणि मदतनीस बाईला सांगून अकरा वाजताच घरी आले. पुढून न जाता परसदारानं शिरले. लेक कुंपणाशी उभी होती. पलीकडे शेजारणीची शेळी दोन पाय कुंपणावर टेकून मान वर करून होती आणि माझी लेक तिला भाकरी भरवत होती. तूप लावलेली भाकरी. शेळीनं तिच्या हाताला लागलेलं तूपसुद्धा चाटून घेतलं. महिनाभर मी त्या शेळीकडे बघून शेजारणीला म्हणत होते, काय गुबगुबीत झालीय गं तुझी शेळी, काय घालतीस हिला?

मी तिच्यावर हात उगारला. खोटं कशाला सांगू? आठ महिन्यांच्या पोटुशीवर मी हात उगारला आणि तो तसाच वर राहिला, कारण ती मागं सरली नाही. तिनं फक्त दोन्ही हात पोटावर धरले.

"कावून गं?" मी विचारलं. "कावून असं केलंस? मारायचंय का त्याला?"

"मरायचं न्हाई मला," ती म्हणाली. आणि मग ती जी रडायला लागली ती थांबेचना. "तूच सांगतीस की, तीन दिवस तू अडलीवतीस म्हणून. मी पोटात लई मोठी व्हते म्हणून. सुईणीनं हात टेकले, गाडीत घालून दवाखान्यात नेताना तू मरता मरता वाचलीस. लहानपणापास्नं ऐकतीय मी. मला तसं मरायचं न्हाई, माय."

ही गोष्ट मी हळदीकुंकवाला सांगायची. बारशाला सांगायची. तिच्या लग्नात तिच्या सासरच्या बायकांना सांगितली. "हत्तीचं पिल्लू होतं माझ्या पोटात!" असं म्हणून मी दोन्ही हात पसरून दाखवायची आणि बायका पदर तोंडाला लावून हसायच्या. पोरगीही त्यांच्यात बसून हसायची. मला वाटायचं, ती हसतेय.

आम्ही दोघी परसात न्हाणीच्या दगडावर बसलो. आता जे सांगायचं होतं ते मी तोवर कुणालाच सांगितलं नव्हतं.

"तू मोठी नव्हतीस," मी म्हटलं. "दोन किलोचीबी नव्हतीस. दवाखान्यात नर्सनं तुला उचललं अन् म्हणली, मांजराचं पिल्लू हाय."

ती रडायची थांबून माझ्याकडे बघत राहिली.

तिच्या आजीनं, म्हणजे माझ्या सासूनं, मला आठव्यापासून एका भाकरीवर ठेवलं होतं. एक भाकरी, तीही दोन वेळांत मिळून. दुष्टपणानं नाही. तिची पहिली सून म्हणजे माझी मोठी जाऊ बाळंतपणात गेली होती आणि ती भीती म्हातारीच्या हाडात बसली होती. लेकरू बारीक राहू दे, ही तरी वाचू दे, एवढंच तिला वाटायचं. मी निमूट ऐकलं. कळा सुरू झाल्या तेव्हा माझ्या अंगात जोर लावायला जोरच नव्हता. दवाखान्यातली नर्स म्हणाली ते अजून माझ्या कानात आहे: "बाईच्या अंगात ताकदच न्हाई, लेकरू काय करंल?" पण दोन महिन्यांनी लेकरू जरा भरल्यावर गावात परतलो, तेव्हा सासूनं सांगितलं, लेकरू लई मोठं होतं म्हणून अडलं. मीही तेच सांगायला लागले. उपाशी होते म्हणून अडले, हे सांगायची लाज वाटली. अडली ती बाई धीराची ठरते. उपाशी राहिली ती नुसतीच बिचारी. पुढे अंगणवाडीची नोकरी लागली, मग तर तोंड उघडायची सोयच राहिली नाही. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, यापेक्षा वेगळं काय होतं ते?

पोरगी म्हणाली, "मग तू इतके दिवस खोटं कावून सांगितलंस?" मी आत जाऊन भाकरी थापली.

पुढचे दिवस मी कसे काढले ते माझं मला माहीत. दर जेवणानंतर तिला डाव्या कुशीवर झोपवायचं आणि लेकराच्या लाथा मोजायच्या. कधी पटापट लागायच्या, कधी बराच वेळ काहीच नसायचं. अशा वेळी मी तिच्या पोटाला कान लावून बसायची आणि मला माझ्याच काळजाचे ठोके ऐकू यायचे. तिचं जेवण मी समोर बसून बघत होते. तिला जात नव्हतं. महिनाभर आक्रसलेलं पोट, दोन घास जास्त झाले की उलटून यायचं. मग मी थोडं थोडं करून सहा वेळा द्यायला लागले. ती म्हणाली, "तूबी बस. तू जेवतीस तवाच मी जेवीन." मला वाटलं, ही अट सोपी आहे. तिच्याइतकं ताट मी मला वाढून घेतलं आणि निम्म्यावर माझाच घास अडकला. बावीस वर्षं जो आकडा मी गावभर वाटत होते, तो मी स्वतः कधी खाल्लेला नव्हता. उरलंसुरलं खायचं, सगळ्यांचं झाल्यावर खायचं, नाही उरलं तर चहा प्यायचा. मी काट्यावरून पटकन का उतरले होते ते त्या ताटासमोर बसल्यावर मला नीट कळलं.

दहाव्या दिवशी बीडला गेलो तेव्हा बाळ थोडं वाढलं होतं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "चांगलं आहे, पण पुरेसं नाही. आणखी थोडे दिवस मिळाले तर बरं." आम्हाला अकरा दिवस मिळाले. बाराव्या दिवशी पहाटे लाथा मंदावल्या आणि आम्ही शेजारच्यांच्या जीपनं निघालो. त्या रस्त्यावर मी देवाला काय काय कबूल केलं ते सगळं फेडायचं म्हटलं तर हा जन्म पुरायचा नाही.

सिझर झालं. ज्या बाळंतपणाच्या भीतीनं ती उपाशी राहिली, ते त्या उपासानंच अवघड केलं. नात झाली, एक किलो नऊशे ग्रॅम. रडली, पण बारीक आवाजात, दारापलीकडून ऐकू येईल न येईल असं. तिला लगेच काचेच्या पेटीत नेऊन ठेवलं. पहिले तीन दिवस नक्की काही सांगता येणार नाही, असं डॉक्टर म्हणाले. लेकीला वॉर्डात आणलं. मी एकदा इकडे, एकदा त्या काचेच्या खोलीपाशी, अशा येरझाऱ्या घालत राहिले. काचेतून नातीची छाती वरखाली होताना दिसायची. ती खाली गेली की परत वर येईपर्यंत माझा श्वास थांबायचा.

दुसऱ्या दिवशी दुपारी नर्स वॉर्डात आली. तिनं लेकीचं सलाईन बघितलं आणि माझ्याकडे वळून सहज विचारलं, "मावशी, तुमी जेवलात का?"

"हो," मी म्हणाले.

आदल्या दिवसापासून माझ्या पोटात चहाशिवाय काही नव्हतं. पण ते 'हो' विचार न करता, एका श्वासात, हसऱ्या तोंडानं आलं. नर्सही मान हलवून पुढे निघाली होती.

"सिस्टर," कॉटवरून लेक म्हणाली. तिला नीट बोलवत नव्हतं, टाके ओढत होते. "खोटं सांगतीय ती. मीबी असंच सांगत व्हते."

नर्स थांबली. तिकडे काचेच्या खोलीत माझी एक दिवसाची नात निजली होती, आणि हे खोटं 'हो' तिला कुणी शिकवायची गरजच पडणार नव्हती, आम्हाला बघूनच ते तिला आलं असतं.